अवघड जागेची साधी गाठ

मेंदू भरीव नसतो. त्याच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांना निलये म्हणतात, दवाखान्यात ‘व्हेंट्रिकल’ म्हणतात, आणि धाराशिव जिल्ह्यातून सोलापूरला पेशंट घेऊन आलेले नातेवाईक ‘मेंदूतल्या पाण्याच्या जागा’ म्हणतात. तिन्हींत नेमके नाव नातेवाइकांचेच. या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाची रक्तवाहिन्यांची झालर असते आणि तिच्यातून स्वच्छ पाणी सतत झिरपत राहते, तासाला 20 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला अर्धा लिटर. मेंदू आणि पाठीचा कणा मिळून हे पाणी कोणत्याही वेळी असते मात्र 150 मिलिलिटरच. जुने शोषले जाते, नवे येते. दिवसातून तीन वेळा सगळे पालटते.

पाण्याची वाट ठरलेली आहे. डावी-उजवी अशा दोन मोठ्या पोकळ्यांतून ते मोन्रोच्या छिद्रांवाटे मधल्या, तिसऱ्या पोकळीत उतरते. तिथून एका अरुंद नळीतून चौथ्या पोकळीत, मग मेंदूच्या बाहेरच्या अंगाला, आणि शेवटी रक्तात. रात्रीच्या लाइटीवर उसाला दारं धरणाऱ्या माणसाला यापुढचे समजावून सांगावे लागत नाही. पाटाच्या तोंडाशी ढेकूळ अडकले की खालचा वाफा कोरडा राहतो आणि वरचा बांध फुटायला येतो. फरक एवढाच की शेतातले पाणी बांध फोडून मोकळे होते. मोठ्या माणसाच्या कवटीला फुटायला जागा नसते. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, हाडांचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून पाणी साठले तर डोके मोठे होत जाते आणि दाब थोडा तरी सैल पडतो. वीस वर्षांच्या मुलाला ती सवलत नाही. एडिंबराच्या अलेक्झांडर मोन्रोने 1783 साली ही छिद्रेही वर्णिली आणि हेही सांगितले की कवटीतली जागा ठरीव आहे: एक गोष्ट वाढली तर दुसरीने जागा सोडली पाहिजे.

या पाण्याच्या वाटेवर होणाऱ्या बहुतेक पुटकुळ्या कॅन्सरच्या नसतात. रिपोर्टवर ‘बिनाइन’ लिहिलेले असते आणि त्याचे मराठी ‘साधी गाठ’ असे केले जाते. या दोन शब्दांनी जेवढा दिलासा मिळतो तेवढाच घोटाळाही होतो. साधी म्हटल्यावर घरच्यांना वाटते, सुगी उरकून जाऊ, दिवाळी झाल्यावर बघू. पण मांडीवरची साधी गाठ आणि मोन्रोच्या छिद्राशी बसलेली साधी गाठ यांत जागेचा फरक आहे, आणि इथे जागा हाच आजार आहे. मराठीत अवघड जागेच्या दुखण्याची म्हण थट्टेने वापरली जाते. मेंदूच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे.

यांतली सर्वांत धोक्याची म्हणजे कोलॉइड सिस्ट. ती तिसऱ्या पोकळीच्या छताला, दोन्ही मोन्रो छिद्रांच्या अगदी तोंडाशी लोंबते. बहुधा गर्भावस्थेतल्या काही पेशी तिथे मागे राहिल्यामुळे ती होते. खाण्यापिण्याशी, मार लागण्याशी, मोबाइलशी तिचा संबंध नाही. आत जेलीसारखा, हिरवट-पिवळट पदार्थ असतो. कधी तो भिजवलेल्या डिंकासारखा सैल, तर कधी गुऱ्हाळातल्या काकवीपेक्षाही दाट, इतका की ऑपरेशनच्या वेळी ओढणारी नळीच तुंबते. आकार ज्वारीच्या दाण्यापासून लिंबापर्यंत कितीही, आणि त्रास सुरू होतो तो बहुतेक विशी ते पन्नाशीत, म्हणजे घर ज्याच्या कमाईवर चालते त्या वयात. मेंदूच्या सगळ्या गाठींत या सिस्टचा वाटा शंभरात एकाच्या आसपास. तालुक्याच्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत एखाद-दुसरीच भेटते, आणि गोम इथेच आहे. रोज दिसणारा आजार चुकत नाही. दहा वर्षांतून एकदा येणारा, रोजच्याच आजाराच्या कपड्यांत येतो.

तो येतो डोकेदुखी बनून. जिल्ह्याच्या ओपीडीत डोकेदुखीला तोटा नाही. उन्हाची, उपासाची, पित्ताची, अर्धशिशीची, काळजीची, आणि मागच्या हंगामाची उचल न फिटल्याची. भूम, वाशी, कळंब भागातून दरवर्षी कोयते बाहेर पडतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीकडे नेते. अशी एखादी बाई हंगामाच्या मध्यावर सांगते की वाकले की डोके फुटायला येते, भडाभडा उलटी होते, आणि घटकाभराने सगळे लख्ख. मुकादम म्हणतो पित्त झाले, टोळीतली म्हातारी म्हणते मोळीचे ओझे, गावात परतल्यावर कुणी तुळजापूरची वाट दाखवते. कुणाचेच बोलणे वेडगळ नाही. पित्ताने उलटी होतेच आणि मोळीने मान धरतेच. तपासणाऱ्याच्या कानाने टिपायला हवे ते शब्द दोन: ‘वाकले की’ आणि ‘घटकाभराने लख्ख’. लोंबणारी गाठ डोक्याच्या हालचालीबरोबर छिद्रावर टेकते आणि सुटते, असे तिचे जुने स्पष्टीकरण आहे. सगळ्याच रुग्णांत तसे घडते असे नाही, पण अचानक चढणारी, अचानक उतरणारी आणि मान-पाठीच्या स्थितीबरोबर बदलणारी डोकेदुखी ऐकली की पित्ताच्या गोळीवर थांबू नये, एवढे त्यातून निश्चित ठरते.

दुसरी खूण पडण्याची. ‘चालता चालता पाय गपकन गळाले, बसलो खाली, अन् उठून पुन्हा चालाया लागलो’ असे सांगणाऱ्याला बहुतेकदा आकडीच्या गोळ्या चालू झालेल्या असतात. आकडीत बहुधा शुद्ध हरपते. इथे हरपत नाही. ‘पडताना आजूबाजूचं बोलणं ऐकू येत होतं का?’ हा एकच प्रश्न दोन आजार वेगळे करतो. त्याला ना यंत्र लागते ना पैसा, तरी तो विचारायचा राहून जातो, कारण बाहेर बाकावर अजून चाळीस माणसे बसलेली असतात. तिसरी खूण नजरेची. पाण्याचा दाब डोळ्यांच्या नसांपर्यंत पोचतो, नजर धूसर होते आणि माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. बाहुलीतून डोळ्याचा मागचा पडदा पाहिला तर नसेचे तोंड सुजलेले दिसते. डोळ्यांच्या शिबिरात अशी सूज दिसली म्हणून मेंदूच्या सीटीला पाठवलेले रुग्ण नशीबवान म्हणायचे; नुसता नंबर काढून दिलेले तितके नव्हेत. म्हाताऱ्या माणसात चित्र आणखी संथ असते: विसरभोळेपणा, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, धोतरात लघवी. ‘वय झालं’ या वाक्याखाली हे सगळे झाकून जाते.

मुख्य धोका मात्र संथ नाही. दोन्ही छिद्रे एकाच वेळी बंद झाली तर तासाभरात 20 मिलिलिटर या हिशेबाने पाणी चढत जाते, आणि काही तासांत माणूस डोकेदुखीपासून गुंगीपर्यंत, गुंगीपासून बेशुद्धीपर्यंत जातो. कालपर्यंत कामावर असलेला तरुण सकाळी अंथरुणात मेलेला सापडतो आणि शवविच्छेदनात लिंबाच्या बीपेक्षा थोडी मोठी गाठ निघते, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात जुन्या आहेत. 1858 मध्ये वॉलमनने या सिस्टचे पहिले वर्णन केले तेही मृत्यूनंतरच्या तपासणीतूनच. ‘झोपेत गेला’ असे गावात म्हटले जाते तेव्हा लोकांच्या मनात हृदय असते. क्वचित ते डोके असते.

म्हणून धाराशिवसारख्या जिल्ह्यात या आजाराचा अर्धा उपचार रस्त्यावर होतो. मेंदूचे ऑपरेशन करणारी मोठी केंद्रे सोलापूर आणि लातूरला आहेत, दोन्ही धाराशिव शहरापासून 65 ते 80 किलोमीटरच्या टप्प्यात. परांड्याचा माणूस आधी बार्शी गाठतो, उमरग्याचा सोलापूर की हैदराबाद या विचारात पडतो. या तासा-दोन तासांत काय करायचे आणि काय टाळायचे, याची यादी लहान आहे. तिच्यातली प्रत्येक चूक मात्र महाग पडते. डोक्याकडची बाजू 30 अंश उंच ठेवायची. सपाट झोपवायचे नाही. मॅनिटॉलची बाटली लावायची, लघवीची नळी घालायची, कारण औषध शरीरातले पाणी झपाट्याने बाहेर काढते. ही बाटलीही एक प्रकरण आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कपाटातली मॅनिटॉलची बाटली उजेडात धरली तर तळाशी साखरेसारखे खडे दिसतात, कारण थंडीत त्याचे स्फटिक होतात. नवखी नर्स बाटली खराब झाली म्हणून बाजूला ठेवते. जुनी सिस्टर ती गरम पाण्याच्या पातेल्यात धरून खडे पुरते विरघळवते, अंगाला सोसेल इतकी निवू देते आणि गाळणीच्या सेटने लावते.

टाळायच्या गोष्टी दोन. तळमळणाऱ्या रुग्णाला झोपेचे इंजेक्शन देऊ नये. त्याने नातेवाईक शांत होतात, पण गुंगी औषधाची की दाबाची हे पुढे कुणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट, डोकेदुखी-उलटी म्हणजे मेंदूज्वर असेल असे समजून सीटीआधी कमरेतून पाणी काढू नये. वर तुंबलेले असताना खालून पाणी काढले तर मेंदू खाली सरकतो आणि श्वासाचे केंद्र दाबले जाते. 108 ची गाडी दारात उभी असताना आणखी एक शोध चालू असतो, रेशन कार्डाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण त्यासाठी कागद लागतात आणि कागद पेटीत, पेटीची किल्ली शेतावर गेलेल्या भावाकडे. जाणते कर्मचारी सांगतात: गाडी हलू द्या, कागद मागून फोनवर येतील.

सीटीवर कोलॉइड सिस्ट बहुधा सहज दिसते: मेंदूच्या बरोबर मधोमध, पुढच्या भागात, एक वाटोळा पांढरा ठिपका, आणि त्याच्या मागे फुगलेल्या दोन काळ्या पोकळ्या. काहींत तिचा रंग मेंदूसारखाच असतो, तेव्हा फुगलेल्या पोकळ्याच सांगतात की अडथळा कुठे शोधायचा. माणूस बेशुद्धीकडे चालला असेल तर गाठीला हात लावण्याआधी पाण्याला वाट करून देतात. कपाळाच्या वर, मधल्या रेषेपासून सुमारे 3 सेंटिमीटर बाजूला लहान भोक पाडून पोकळीत नळी सोडतात आणि पाणी बाहेरच्या पिशवीत उतरवतात. दोन्ही छिद्रे बंद असतील तर एका बाजूच्या नळीने भागत नाही, दोन्हीकडे लागते. वॉर्डात या पिशवीची उंची कानाच्या पातळीवरून मोजतात. रुग्णाला पाणी पाजायला म्हणून आईने मायेने पलंगाचे डोके उचलले की डोके वर, पिशवी खाली, आणि पाणी धो-धो उतरते. म्हणून उठवण्याआधी नळीचा चाप बंद करायचा असतो. हे वाक्य दर पाळीला नव्याने सांगावे लागते, कारण दर पाळीला उशाशी नवा नातेवाईक असतो.

गाठ काढण्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या वॉल्टर डँडीने 1918 मध्ये पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याची युक्ती शोधली. त्याआधी जिवंत माणसात त्या दिसतच नव्हत्या. 1921 मध्ये त्यानेच पहिली कोलॉइड सिस्ट यशस्वीपणे काढली. आज दोन रस्ते आहेत. एक सूक्ष्मदर्शकाखालचा: कवटीची खिडकी उघडून, मेंदूच्या दोन अर्धांच्या मधून उतरून, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात लहान चीर देऊन तिसरी पोकळी गाठायची. दुसरा दुर्बिणीचा: एका भोकातून पोकळीत दुर्बीण, आतला चिकट पदार्थ ओढून घ्यायचा, मग पिशवीचे कवच सोडवायचे. दुर्बिणीत दवाखान्यातले दिवस कमी लागतात. सूक्ष्मदर्शकाने कवच पुरते निघण्याची खात्री जास्त. कवचाचा तुकडा राहिला तर गाठ काही वर्षांनी पुन्हा भरू शकते. सुईने नुसता आतला पदार्थ ओढण्याची पद्धत याच कारणाने मागे पडली. नातेवाईक ‘दुर्बिणीतूनच करा’ असा हट्ट धरतात, कारण पित्ताशयाचे त्यांनी तसे झालेले पाहिलेले असते. इथे मात्र ज्या शल्यविशारदाचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती पद्धत चांगली, हे मत व्यवहारात टिकते.

ऑपरेशनमधली सर्वांत नाजूक वस्तू गाठ नाहीच. तिच्या लगत फॉर्निक्स नावाची तंतूंची दोरी जाते. नवी आठवण मनात रुजवण्याचे काम तिच्याकडे. तिला धक्का बसला तर माणूस बोलतो, चालतो, लोकांना ओळखतो, पण आजचे काही साठत नाही. अशा रुग्णाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप जसाच्या तसा आठवतो. सास्तूरला कोणत्या घराची माळवदं कशी बसली तेही सांगतो. आणि मग चौथ्यांदा विचारतो, ‘चहा आला न्हाई का अजून?’ रिकामा कप हातात असतो. बहुतेकांत हे काही आठवड्यांत सुधारते, काहींत राहून जाते. ही शक्यता आधी न सांगितल्यास घरच्यांना वाटते की डोक्यात काहीतरी तोडले. आधी सांगितलेली असली की तोच कुटुंबीय वहीत लिहून ठेवतो: चहा झाला, गोळी झाली, भाऊ येऊन गेला.

दुसरी गाठ आपल्याकडची, मातीतून येणारी. डुकरातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन पाण्याच्या पुटकुळ्या करतात. मेंदूच्या मांसात बसल्या तर आकडी येते, आणि हे रूप जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. पोकळीत उतरल्या, विशेषतः चौथ्या पोकळीत, तर चित्र कोलॉइडसारखेच: मान वळवली की गरगरणे, उलटी, कोसळणे. 20 व्या शतकाच्या सुरुवातीपासून या खुणेला ब्रुन्सचे नाव आहे. निदान सांगताना हमखास वाद होतो. ‘आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, डुकराचं कसलं सांगता?’ उत्तर तसे सरळ आहे, पण सांगायला संकोच वाटतो. डुकराचे कच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांब कृमी वाढतो. मेंदूतली पुटकुळी मात्र त्या माणसाच्या शौचातून आलेल्या अंड्यांपासून होते. ती अंडी न धुतलेल्या हातावरून, उघड्यावरच्या घाणीतून कोथिंबिरीवर, मेथीच्या जुडीवर येतात आणि माळेचा मान ठेवत नाहीत. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून तयार केले. अशी गोष्ट पटवायची तर असे चुलीपाशी बसून बोलणारे माणूस लागते. पांढऱ्या कोटातून ती आरोपासारखी ऐकू येते.

या पुटकुळीचे पाणी आणि पोकळीतले पाणी जवळपास सारखेच, आणि कवच कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. त्यामुळे साध्या सीटीत ती दिसत नाही; फक्त पोकळी फुगलेली दिसते. एमआरआयच्या पातळ कापांत कवच आणि आत अळीच्या डोक्याचा ठिपका उमटतो. ती एका जागी बांधलेलीही नसते. तपासणीच्या दिवशी एका पोकळीत आणि ऑपरेशनच्या दिवशी दुसरीत असे होते, म्हणून टेबलावर घेण्याआधी पुन्हा चित्र काढतात. दुर्बिणीतून ती पकडून बाहेर काढणे हा सध्या पसंतीचा उपचार आहे. इथली मोठी चूक जंताच्या गोळीची. अल्बेंडाझोल कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, शाळेत जंतनाशक दिनाला वाटले जाते, म्हणून ‘जंत आहे तर गोळी घेऊ’ हे स्वाभाविक वाटते. पण अळी आतल्या आत मेली की आजूबाजूला सूज येते आणि उघडी असलेली वाटही बंद होते. पोकळीतल्या पुटकुळीला आधी काढायचे किंवा पाण्याची सोय करायची. गोळीचा विचार नंतर, स्टेरॉइडच्या आडोशाने.

काही गाठींना हात न लावणे हाच उपचार असतो. मोटारसायकलवरून पडला म्हणून सीटी काढला आणि 5 मिलिमीटरची कोलॉइड सिस्ट दिसली, डोकेदुखी नाही, पोकळ्या फुगलेल्या नाहीत, तर ठरावीक काळाने एमआरआय एवढेच. 2016 मध्ये अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी यासाठी गुणांची एक पट्टी मांडली: डोकेदुखी आहे का, वय 65 च्या आत आहे का, गाठ 7 मिलिमीटर किंवा जास्त आहे का, एमआरआयच्या एका प्रकारात ती पांढरी चमकते का, आणि ती पोकळीच्या धोक्याच्या टप्प्यात आहे का. गुण जितके जास्त तितकी थांबण्याची मुभा कमी. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या झालरीत पाण्याचा थेंब दिसतो, तोही याच वर्गातला. शंभरात एक-दोन गर्भांत तो असतो, बहुतेक 28 व्या आठवड्यापर्यंत विरून जातो आणि बुद्धीला काही होत नाही. बाकी अवयवांत दोष असला तरच गुणसूत्रांची तपासणी. पण ‘बाळाच्या डोक्यात गाठ’ एवढेच शब्द घरी पोचतात, आणि सासू दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला घेऊन ‘मोकळी करा’ म्हणत दारात उभी राहते. कोलॉइडच्या बाबतीत ‘साधी’ हा शब्द हवी ती घाई करू देत नाही, इथे ‘गाठ’ हा शब्द नको ती घाई करवतो.

गाठ काढूनही, किंवा काढता न आल्यास, पाणी साठतच राहिले तर शंट लागतो: डोक्यातून कातडीखालून पोटात सोडलेली नळी, मध्ये एक झडप. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतो. युगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी दोन्हींची तुलना करून 2005 मध्ये दाखवले की निकालात फरक नाही. शंट तुंबतो, त्यात जंतू शिरतात. तुंबला की जुनीच लक्षणे परततात, आणि त्या वेळी माणूस कारखान्याच्या फडावर, कर्नाटकात, कुणालाही न माहीत असलेल्या तालुक्यात असतो. कानामागची नळी बोटाला लागते, पण परक्या डॉक्टरला ती शोधायचे सुचायला हवे. म्हणून काही डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी मराठीत चार ओळींचा कागद देतात, ‘डोक्यात शंट आहे, उलटी आणि गुंगी आली तर आधी सीटी’, आणि तो मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायला लावतात.

उरतो तो फिल्मचा प्रश्न. गाठ वाढली की नाही हे एका चित्रावरून कळत नाही, जुन्याशी ताडून पाहावे लागते. ऑपरेशननंतर पहिला एमआरआय काही महिन्यांत, पुढचे वर्षा-दोन वर्षांनी. मधल्या काळात फिल्म पत्र्याच्या खोलीत, पेटीत, ज्वारीच्या पोत्यामागे राहते. मे महिन्यात धाराशिवचा पत्रा तापतो आणि फिल्म एकमेकींना चिकटतात. सोडवायला गेले की पांढरा ठिपका होता तिथलाच पापुद्रा निघून येतो. अनुभवी लोक दोन फिल्मच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायला सांगतात आणि फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे, तर सीडीच जपायला सांगतात.